डोंगर पेटला की डोंगर भाजला?

2025च्या फेब्रुवारीअखेर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ओफुनातो हे गाव पेटलं. 2011च्या त्सुनामीत उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभं राहिलेलं गाव. एरवी त्या दिवसांत तिथे बर्फ, निदान ओल तरी असते. त्या वर्षी अख्ख्या फेब्रुवारीत अवघा 2.5 मिलिमीटर पाऊस झाला होता. डोंगरावरची झाडी काडीसारखी पेटत गेली. 3,000 हेक्टरच्या आसपास जंगल गेलं, दोनशेच्या वर इमारती गेल्या, एक जीव गेला. अर्ध्या शतकात जपानने एवढी मोठी जंगलाची आग पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक फोटो फिरत आला. काळोखात एक गोलसर टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल झालेली, आणि खाली मराठीत ओळ, ‘जपानमध्ये वणव्याचं थैमान’. मी गेली अनेक वर्षं जपानी शिकवते, त्यामुळे टेकडी लगेच ओळखली. ती नारा शहराच्या कडेची वाकाकुसायामा. दर जानेवारीच्या चौथ्या शनिवारी ती मुद्दाम पेटवतात. कासुगा देवळाच्या होळीतला विस्तव वाजतगाजत आणतात, शोभेचं दारूकाम होतं, माणसं कुटुंबकबिल्यासह बघायला जमतात, अग्निशमनवाले पाण्याचे पाइप धरून कडेला उभे असतात आणि तेहतीसेक हेक्टर वाळलं गवत जळून जातं. फोटो खरा होता, खालचा शब्द खोटा होता.

पुढे जो वाद रंगला तो त्या एका शब्दावर उभा होता. एक बाजू म्हणाली, हे लोक स्वतःच डोंगर जाळतात आणि मग गावं जळाली म्हणून रडतात. सगळं बंद करा. दुसरी म्हणाली, हजार वर्षांची परंपरा आहे, शहरातल्या शहाण्यांनी बोलू नये. चीनमध्ये शेतातला पेंढा जाळण्यावरच्या बंदीचा वादही असाच दोन टोकांना अडकलेला आहे, आणि आपल्याकडे सह्याद्रीतल्या आगींवर उन्हाळ्यात जे बोललं जातं तेही याच साच्यातलं. माझं म्हणणं असं की या वादात दोन्ही बाजू चुकतात, कारण दोघंही दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतात. लागलेली आग आणि लावलेली आग यांना वेगवेगळी नावं असणं हा भाषेचा शृंगार नव्हे. आग कुणी, कधी आणि कुठपर्यंत न्यायची याचा हिशेब त्या नावांत असतो. नाव गेलं की पुढच्या पिढीत तो हिशेबही जातो. जपानी भाषेने ही नावं सांभाळली आहेत. चिनी भाषेकडे ती होती, पण सरकारी चिनीने ती पुसत आणली, आणि त्याची किंमत मोजावी लागते आहे.

आधी शब्द नीट बघू. जपानीत जंगलाला लागलेल्या आगीला म्हणतात ‘यामाकाजी’. टेकडी मुद्दाम जाळण्याला म्हणतात ‘यामायाकी’. ‘यामा’ म्हणजे डोंगर, तो दोन्हीकडे आहे. फरक उरलेल्या अर्ध्यात आहे. ‘काजी’ म्हणजे आगीचा प्रसंग, ओढवलेला. घराला आग लागली तरी हाच शब्द. ‘याकी’ मात्र ‘याकु’ या क्रियापदातून आलं आहे, आणि ते करणाऱ्याशिवाय उभंच राहत नाही. मासे भाजायचे, पाव भाजायचा, मातीची भांडी भाजायची, तिथे हेच क्रियापद. माळ जाळला तर ‘नोयाकी’, डोंगर जाळला तर ‘यामायाकी’, जंगल तोडून, जाळून, त्या राखेत पेरलं तर ‘याकिहाता’. म्हणजे जपानी माणूस डोंगर पेटवत नाही, भाजतो.

वर्गात हे सांगताना मला दरवेळी आमच्या रायगडातल्या गावची आत्या आठवते. तीही कधी ‘राब जाळला’ म्हणाली नाही. ‘राब भाजला’ म्हणायची. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, त्यावर कवळ, म्हणजे झाडांचे छाटलेले टहाळे, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. वारा ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट अंगाने पेटवायचं, म्हणजे विस्तव धावत नाही, चालतो. माती आतून भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख खत होते. ‘भाजवळ’ हा शब्दही कोकणात आहे. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, शेतातल्या आगीसाठी स्वयंपाकघरातलं क्रियापद निवडलं. चुलीजवळ जो विस्तवाला बघतो, तो विस्तव सोडून उठत नाही. त्या निवडीत मला ती राखण दिसते.

जपानी लिपीत एक चिन्ह आहे, ‘हाताके’. अर्थ कोरडवाहू शेत. चिन्हं बहुतेक चीनमधून आलेली, पण हे जपानमध्येच घडवलेलं. पाटीवर काढून दाखवते तेव्हा मुलं एकदम शांत होतात. डावीकडे आगीचं चिन्ह, उजवीकडे शेताचं. आग अधिक शेत, झालं हाताके. भाताच्या खाचराला नुसतं शेताचं चिन्ह पुरतं, तिथे पाणी असतं. कोरड्या शेताला मात्र आग जोडली, कारण मुळात ते जाळून काढलेलं. हातानाका, ताबाता या रोजच्या आडनावांतही ती आग बसून आहे.

हायकू लिहिणाऱ्यांची ऋतुशब्दांची कोश-परंपरा याहून बोलकी आहे. त्यांत ‘नोयाकी’ आणि ‘यामायाकी’ वसंतात येतात. जळून काळ्या पडलेल्या माळाला ‘सुगुरोनो’ असा वेगळा शब्द आहे, तोही वसंतातला, कारण त्या काळ्यातून चारसहा दिवसांत हिरवं टोक निघतं. आणि ‘यामाकाजी’? तो हिवाळ्यात. तोच डोंगर, तीच ज्वाळा, पण एक शब्द नव्या ऋतूच्या दाराशी आणि दुसरा कोरड्या थंडीच्या पोटात. शेतकऱ्याला हे माहीत होतं म्हणून कवीला माहीत झालं.

आता विरोधकांचं म्हणणं घेते, आणि त्यातलं जे खरं आहे ते खरंच म्हणते. पहिलं, शब्दांनी आग विझत नाही. अमुक भाषेत बर्फाला इतके शब्द, म्हणून ते लोक अमुक शहाणे, अशी विधानं ऐकून भाषेचे अभ्यासक कंटाळले आहेत, मीही कंटाळले आहे. शब्दांच्या गणतीतून शहाणपण निघत असतं तर कोश असलेला प्रत्येक समाज सुखी असता. दुसरं, आणि हे जड आहे: लावलेली आग हातातून सुटते. 2009च्या मार्चमध्ये क्यूशू बेटावर युफुइनजवळ नोयाकी चालू असताना ज्वाळांत सापडून चार वयस्क माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 2010च्या मार्चमध्ये, फुजी पर्वताच्या पायथ्याशी गवत जाळताना तिघे गेले. जपानच्या वनखात्याच्या नोंदींत जंगलाच्या आगीचं पहिलं कारण उघड्यावरची शेकोटी आणि त्याखालोखाल परवानगीची किंवा बिनपरवानगीची शेतातली आग. पाचातली एक आग ढोबळमानाने या दुसऱ्या खात्यात जाते. म्हणजे ‘लावलेली वेगळी, लागलेली वेगळी’ ही रेघ प्रत्यक्षात रोज पुसट होते. तिसरं, हवामान बदलतं आहे. जो मार्च ओला असायचा तो आता कोरडा असू शकतो. आजोबांचा अंदाज नातवाला लागू पडेलच असं नाही.

हे सगळं मान्य. पण यातून ‘सगळं बंद करा’ निघतं का? आसोकडे बघा. क्यूशूच्या मध्यावर आसो ज्वालामुखीच्या भोवती सुमारे 22,000 हेक्टर गवताळ प्रदेश आहे. दहाव्या शतकातल्या सरकारी ग्रंथात इथल्या घोड्यांच्या कुरणाची नोंद सापडते. जपानसारख्या पावसाळी देशात माळ आपोआप माळ राहत नाही. दहापंधरा वर्षं सोडून द्या, झुडपं येतात. आणखी सोडा, जंगल. शंभरेक वर्षांपूर्वी जपानच्या भूमीचा दहावा हिस्सा तरी गवताखाली होता, आज एक टक्क्याच्या आसपास उरला आहे. आसोचा माळ टिकला, कारण दर मार्चला तो भाजतात.

आणि तो कसा भाजतात, हेही पाहण्यासारखं आहे. काम मार्चचं नसतं, मागच्या शरद ऋतूपासून सुरू होतं. उन्हं अजून कडक असतानाच जाळायच्या तुकड्याच्या कडेने गवताचा पट्टा कापतात आणि तो कापलेला पट्टा आधी जाळून घेतात, म्हणजे मार्चमधल्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. या कामाला ‘वाची-गिरी’ म्हणतात. आपल्या वनखात्याच्या भाषेत जाळरेषा. अशा पट्ट्यांची आसोतली एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरते, उभ्या चढावर, हातयंत्राने. प्रत्यक्ष दिवशी विस्तव पुढे नेणाऱ्याला ‘हिबिकी’ म्हणतात, आग ओढत नेणारा. बाकीचे हातात लांब बांबूचे झोडपे घेऊन कडेला. गावं म्हातारी झाली, माणसं कमी पडू लागली, तेव्हा 1999पासून शहरातले स्वयंसेवक यायला लागले. पण त्यांना आधी शिकवतात आणि मगच माळावर घेतात.

आसोतलं खरं संकट आगीचं नाही, हात कमी पडण्याचं आहे. वाची-गिरीला माणसं नाहीत म्हणून जे तुकडे सुटले, तिथे वाळलं गवत आणि झुडूप वर्षानुवर्षं साठतं. चुकून ठिणगी पडली तर तिथे जी आग लागेल ती नोयाकी नसेल. युफुइन आणि फुजीच्या अपघातांत जे गेले त्यांच्याबद्दल बोलताना आपण हे विसरतो की काम ‘घातक’ ठरवून सोडून देणं आणि काम शिकलेले हात वाढवणं, यांतली निवड त्या अपघातांनी आपल्यासमोर ठेवली आहे. पूल बांधताना माणसं मरतात म्हणून आपण नदी पोहून जा म्हणतो का?

जपानच्या 1951च्या वन कायद्याचं 21वं कलम मला या बाबतीत फार शहाणं वाटतं. जंगलात किंवा जंगलापासून 1 किलोमीटरच्या आत ‘हिइरे’ करायचं असेल तर आधी गावच्या प्रमुखाची परवानगी हवी, आणि ती ठरावीक कामांसाठीच मिळते. त्या कामांच्या यादीत याकिहाता नावानिशी आहे. कायद्याने वापरलेला शब्दही बघा. ‘हिइरे’ म्हणजे विस्तव आत घालणं. नवी भट्टी पहिल्यांदा पेटवतात तेव्हा हाच शब्द, साके, म्हणजे तांदळाची दारू, तापवून टिकाऊ करतात तेव्हाही हाच. आग लावण्याच्या गुन्ह्याला मात्र ‘होका’, म्हणजे आग मोकळी सोडणं. आत घातलेली आणि मोकळी सोडलेली. या फरकातच कायद्याचा अर्धा मजकूर आला.

चीनकडे वळते, कारण खरं दुःख तिथे आहे. आगीचे शब्द चिनी भाषेइतके जुने फार थोड्या भाषांत असतील. जाळणे या अर्थाच्या ‘फन’ या चिन्हात वर दोन झाडं आहेत आणि खाली आग. तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या लेखांत ते सापडतं. मेन्सियस या जुन्या चिनी विचारवंताच्या ग्रंथात प्राचीन काळाची गोष्ट येते: जगात झाडी आणि श्वापदं माजली होती, तेव्हा यी नावाच्या अधिकाऱ्याने डोंगर आणि दलदली पेटवल्या, श्वापदं पळाली आणि माणसाला राहायला जागा झाली. आपल्या महाभारतातलं खांडववन आठवावं. तिथेही आपण ‘खांडववनाला वणवा लागला’ म्हणत नाही, ‘खांडवदहन’ म्हणतो, कारण पेटवणारे कोण होते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आत कोण होरपळलं याचाही जाब त्या शब्दात राहतो.

आणि शब्द मोघम असला की काय होतं, याचा दाखलाही चिनीच आहे. लू राज्याच्या जुन्या बखरीत इ.स.पू. 705च्या वसंतात शियानछिउ नावाच्या जागेबद्दल एक छोटीशी नोंद आहे, ‘शियानछिउ जाळलं’. एवढंच. एका परंपरेचे टीकाकार म्हणाले, हा युद्धातला अग्निहल्ला, निंद्य कृत्य. दुसरे म्हणाले, छे, शिकारीसाठी माळ पेटवला होता, जनावरं बाहेर काढायला. शेकडो वर्षं विद्वान यावर भांडले, कारण ‘फन’ हा शब्द हातचं काही सांगत नाही. कुणी, कशासाठी, कुठपर्यंत? आज आपण ‘वणवा’ म्हणून नेमकं तेच करतो, आणि आपल्यापाशी तर बखरीचं निमित्तही नाही.

जुन्या चिनी धर्मनियमांत मात्र हिशेब चोख होता. ‘किडेमुंग्या अजून जमिनीत गेल्या नसतील तोवर शिकारीसाठी माळ पेटवू नये’ असा नियम तिथे आहे. पेटवू नये असं नाही. तोवर पेटवू नये. क्यूशूच्या डोंगरातल्या शिइबा गावात आजही थोडी याकिहाता होते. तिथे झुडपाला विस्तव लावण्याआधी म्हणतात ती प्रार्थना वाचली तेव्हा मला हा नियम आठवला. आता या रानाला विस्तव घालतो आहोत, सापांनो, बेडकांनो, किड्यांनो, लवकर निघून जा. डोंगराच्या देवा, आगीच्या देवा, राखण कर. पहिल्या वर्षी कुट्टू, दुसऱ्या वर्षी सावा, मग अझुकी, मग सोयाबीन, आणि मग तो तुकडा वीस-तीस वर्षं डोंगराला परत. यात कुठे बेफिकिरी दिसते?

तरीही दक्षिणेकडच्या याच शेतीला चिनी दरबाराने जे नाव दिलं त्यात तुच्छता होती. ‘आगीने नांगरतात’, ‘सुरीने नांगरून आगीने पेरतात’, असे चार अक्षरी शब्दप्रयोग झाले, आणि आज चिनीत ‘दाओ-कंग-हुओ-चोंग’ म्हटलं की मागासलेपणा हाच अर्थ आधी समोर येतो. फूजियान आणि चच्यांग प्रांतांच्या डोंगरातल्या ‘शे’ जमातीचं नाव ज्या चिन्हाने लिहितात त्याचा अर्थच जाळून काढलेलं शेत. म्हणजे एका अख्ख्या लोकांना त्यांच्या आगीवरून ओळखलं, पण त्या आगीतली विद्या समजून घेतली नाही. युन्नानचे मानववंशशास्त्रज्ञ यिन शाओथिंग यांनी डोंगरी जमातींबरोबर वर्षानुवर्षं राहून दाखवलं, की कुठला तुकडा कधी जाळायचा, किती वर्षं विसावा द्यायचा, कुठली झाडं उभी ठेवायची, याची ती एक मोजूनमापून बसवलेली व्यवस्था आहे. तोपर्यंत बरीचशी मोडून गेली होती.

मग आलं 1987. मे महिन्यात ईशान्येकडचं दा-शिंगआन-लिंगचं जंगल पेटलं, चार आठवडे जळत राहिलं, दोनशेच्या आसपास माणसं मेली, 10 लाख हेक्टरच्या वर प्रदेश होरपळला. पुढच्याच वर्षी जंगलातल्या आगीचा देशव्यापी नियम लागू झाला. नियम हवाच होता, आणि त्यानंतर आगी कमी झाल्या हेही खरं. पण त्या वर्षी ठिणगी कशाने पडली? जंगलात कामाला आलेल्या मजुरांच्या सिगारेटी आणि झुडपं कापायच्या यंत्राचं पेट्रोल. 2019मध्ये सिचुआनच्या मूली भागात 31 माणसं गेली, बहुतेक आगीशी लढणारे जवान. तिथे वीज पडली होती. दोन्हीत शेत भाजणारा शेतकरी नव्हता. तरी बंदीची कुऱ्हाड पडली ती ‘शाओ-हुआंग’वर, म्हणजे पडीक रान जाळून साफ करण्यावर. रस्त्याकडेच्या भिंतींवर यमकात घोषणा रंगल्या. त्यांतल्या एकीचा मथितार्थ असा, की डोंगराला आग लावाल तर तुरुंगाची फरशी झिजेपर्यंत बसाल. त्या घोषणेत ‘फांग-हुओ’, म्हणजे आग सोडणं, आणि ‘शाओ-शान’, म्हणजे डोंगर जाळणं, शेजारी शेजारी बसवले आहेत. गुन्हा आणि काम, एका श्वासात. सरकारी कागदावर सगळ्याचं नाव ‘हुओ-जाइ’. त्यातलं दुसरं चिन्ह आजच्या सोप्या चिनी लिपीत छप्पर आणि त्याखाली आग असं लिहितात. ते चिन्ह जुनंच आहे, त्याला कुणी कट करून घडवलेलं नाही. पण जंगलाच्या आगीला घराच्या आगीचं चित्र लागतं, तेव्हा जंगलाकडे घरातून बघितलं जातं आहे एवढं नक्की.

इथे चिनी बाजूचा भक्कम मुद्दा सांगायलाच हवा. चीनमध्ये कोट्यवधी माणसं छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यांवर कागद जाळतात, नेमके कोरड्या वसंतात, नेमके डोंगरउतारांवर. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक हाताला ‘कधी, कुठपर्यंत’ शिकवणं शक्य नाही, म्हणून सरसकट नाही म्हणावं, यात तथ्य आहे. आगीच्या वेडाची आठवणही त्या सणालाच चिकटलेली आहे. प्राचीन जिन राज्याच्या राजाने आपला एकनिष्ठ सेवक जिए झितुई याला डोंगरातून बाहेर काढायला डोंगर पेटवला आणि तो आईसह आतच जळून गेला, म्हणून त्या सुमारास चूल न पेटवण्याचा दिवस पाळायचे. पण ही दंतकथा ज्यांनी सांभाळली त्यांनी आग कायमची बंद केली नाही, एका दिवसापुरती केली.

सरसकट नकाराचं बिल मागून येतं. जळण साठतं. म्हणूनच युन्नानमध्ये सरकारलाच हिवाळ्यात, दव असताना, पाइनच्या जंगलातला पाचोळा मुद्दाम जाळावा लागतो. त्याला नवं नाव घडवलं, ‘जी-हुआ शाओ-छू’, योजनाबद्ध जाळून काढणं. काम जवळपास तेच, जे डोंगरातल्या माणसाला ‘शाओ-हुआंग’ म्हणून येत होतं. पण तो शब्द गुन्ह्याच्या यादीत गेल्यामुळे तो माणूसही गुन्हेगार झाला, आणि त्याचं काम गणवेशातल्या माणसाला नव्याने शिकावं लागलं. 2022च्या ऑगस्टमध्ये चोंगछिंगच्या जिनयुन डोंगरावर आग शहराकडे निघाली, तेव्हा मोटारसायकलवरून पाणी आणि अवजारं वर पोचवणाऱ्या पोरांचे फोटो जगाने पाहिले. शेवटी ती थांबवली ती समोरून आग लावून. आगीने आग मारली म्हणून देशभर टाळ्या पडल्या. जपानी पुराणकथेत यामातो ताकेरु शत्रूने पेटवलेल्या गवतात अडकतो, तेव्हा भोवतीचं गवत कापतो आणि आतून उलटी आग लावतो, ही कथा 712 सालच्या ग्रंथात आहे. त्या उलट्या आगीला जपानीत ‘मुकाइबी’ असा शब्द आहे. कापलेलं गवत, मोकळा पट्टा, समोरून विस्तव: आसोच्या वाची-गिरीत आणि जिनयुनच्या त्या रात्रीत तीच विद्या. ज्यांना ती आधीपासून येत होती त्यांना आपण काय नाव ठेवलं?

बाइ ज्युयी या तांग काळातल्या कवीच्या, शाळेतल्या प्रत्येक चिनी मुलाला पाठ असलेल्या दोन ओळी आहेत: माळावरची आग गवताला संपवू शकत नाही, वसंताचा वारा आला की ते पुन्हा उगवतं. तिथे आगीसाठी शब्द आहे ‘ये-हुओ’, रानातली आग. हा शब्द लागलेल्या आणि लावलेल्या दोन्ही आगींना चालत आला आहे, आणि मला तो याच कारणासाठी अपुरा वाटतो. कवितेला तो पुरतो, कायद्याला पुरत नाही.

मराठीत बोलायचं तर आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे शब्द आहेत. वणवा, राब, भाजवळ, पाचट पेटवणं, जाळरेषा. दीडशे वर्षांपूर्वी ठाणे-कुलाब्यात राबासाठी कवळ तोडण्यावर जंगलखात्याने निर्बंध आणले, लोक इतके चिडले की 1885मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. साहेबाला राबात फक्त तुटलेली फांदी आणि धूर दिसत होता. आज आपण बातमीत आणि फोनवर तेच डोळे लावून बसलो आहोत. सड्यावर कुणीतरी गंमत म्हणून काडी टाकतो तो वणवा आहे, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. त्या आगीत पक्ष्यांची अंडी, कासवं, रोपं मरतात ती मी बघितली आहेत. उसाचं पाचट पेटवणं ही तिसरीच गोष्ट आहे, त्यात जमिनीचं सोनं जातं, आणि त्याला राबाच्या पंगतीत बसवायची माझी मुळीच तयारी नाही. पण या तिघांना एका ओळीखाली छापलं की काडी टाकणारा सुटतो आणि राब भाजणारी बाई मान खाली घालते.

मुसाशीनो म्हणजे जिथे आज तोक्यो पसरलं आहे तो माळ. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी कथेत एक तरुण मुलीला पळवून त्या माळावर आणतो, माग काढणारे गवताला विस्तव लावायला निघतात, आणि आत लपलेली ती ओरडून सांगते, मुसाशीनो आज भाजू नका, कोवळ्या गवतात माझा जोडीदार लपला आहे, मीही लपले आहे. वर्गात ही ओळ शिकवताना मी मुलांना ‘आज’ या शब्दाखाली रेघ मारायला लावते. मागच्या मे महिन्यात गावी गेले होते. शेजारच्या खळ्यात राब रचून तयार होता, पोरगा काडेपेटी घेऊन उभा, आणि आत्या पायरीवर बसून पदराचं टोक हवेत धरून बघत होती. “राहू दे रे आज,” ती म्हणाली, “वारा फिरलाय.” पोराने काडेपेटी खिशात टाकली आणि तो गुरं सोडायला गेला.